लक्षण एक, आजार अनेक

अंगात ताप असला की आपण थर्मामीटर लावतो आणि पारा किती चढला ते पाहतो. मधुमेहाची शंका आली की रक्त तपासतो. हाड मोडले की क्ष-किरणांनी फोटो काढून घेतो. परंतु घरातील एखादे माणूस महिनाभर कोणाशी धड बोलत नाही, जेवत नाही, रात्र रात्र छताकडे पाहत पडून राहते, तेव्हा काय लावून पाहावयाचे? मनाचा ताप मोजणारा पारा अद्याप निघालेला नाही. नैराश्य, उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया यांपैकी कोणताही आजार केवळ रक्ताच्या थेंबावरून वा मेंदूच्या फोटोवरून ओळखता येईल, अशी चाचणी आजही वैद्यकशास्त्राजवळ नाही. मग डॉक्टर हे आजार ओळखतात तरी कसे, आणि अनेक औषधांतून नेमके एक औषध कोणत्या आधारावर निवडतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि त्या चुकीत माझाही वाटा होता. ती हकीकत प्रथम सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन समजण्यास सोपे जाईल.

माझा एक जुना विद्यार्थी, वय वर्षे बावीस. कुटुंब आमच्याच चर्चमधले. मुलगा हुशार, कष्टाळू. एका पावसाळ्यात त्याने हळूहळू खोलीबाहेर येणे सोडले. पहाटे तीनला जाग येई ती पुन्हा झोप नाही. आवडीची पेटी धूळ खात पडली. ‘माझ्यामुळे घराचे वाटोळे झाले,’ असे तो पुनःपुन्हा म्हणू लागला. थोरल्या भावाने मला बोलावणे पाठविले, ‘सर, तो तुमचे ऐकतो. डॉक्टरांकडे जाताना तुम्ही बरोबर चला.’ वाटेत तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘सर, मागच्या वर्षीचे ते तेथे काढू नका. ताईचे लग्न ठरते आहे.’

मागच्या वर्षीचे ते म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. त्या वर्षी तीन आठवडे हाच मुलगा रात्री जेमतेम दोन तास झोपत असे, तरी थकत नसे. तो सकाळी शाळेत येऊन, मी तास घेत असताना, वर्गात घुसून भाषण करू लागे. त्याने बाजारातून उधारीवर चार शिवणयंत्रे आणली; गावातील सर्व मुलींना फुकट शिवण शिकवावयाचे म्हणे. घरच्यांनी ती परत केली, आणि तरुण रक्त आहे म्हणून विषय मिटविला.

डॉक्टरांनी सर्व चौकशी शांतपणे केली आणि शेवटी विचारले, ‘याच्या अगदी उलट, म्हणजे फार उत्साहात, झोपेवाचून गेलेला काळ पूर्वी कधी होता का?’ भाऊ म्हणाला, ‘नाही.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

त्या माहितीवरून नैराश्याचे औषध देण्यात आले. तिसऱ्या आठवड्यात मुलाची कळी खुलली, म्हणून घरच्यांनी आनंद मानला. पण चौथ्या आठवड्यात तो रात्रभर मोठ्याने गात अंगणात फिरू लागला, आणि आवरावयास गेलेल्या भावाच्या अंगावर धावून गेला. त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. तेथे दुसऱ्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी उत्तर दिले. पाच मिनिटांत निदान बदलले, आणि निदानाबरोबर औषधही बदलले.

असे का झाले? कारण दुःखाचे रूप एकच असले तरी त्यामागील आजार वेगवेगळे असू शकतात. ज्याला नुसते नैराश्य म्हणतात त्यात मन खाली जाते आणि कालांतराने पूर्वपदावर येते. परंतु द्विध्रुवी विकारात मन एकदा तळाशी, तर एकदा शिखरावर जाते. तळाशी असलेला रोगी पाहिला तर या दोन आजारांत फरक करणे अत्यंत कठीण असते; तो फरक वर्तमानात नसतो, भूतकाळात असतो. आणि औषधाच्या दृष्टीने तर तो जमीन-अस्मानाचा असतो. नैराश्य उतरविणारे औषध एकट्याने दिल्यास द्विध्रुवी विकाराच्या काही रोग्यांचे मन तळातून निघून थेट उन्मादाच्या शिखरावर जाण्याचा धोका असतो. अशा रोग्याला प्रथम मनाचा तोल सांभाळणारे औषध लागते.

तात्पर्य, मनोविकाराच्या निदानात रोग्याची हकीकत हीच मुख्य तपासणी होय. लक्षणे कोणती, कोणत्या क्रमाने आली, किती दिवस टिकली, त्यांमुळे कामधंदा व नातीगोती किती बिघडली, हे डॉक्टर विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत नैराश्यासाठी लक्षणे किमान दोन आठवडे, उन्मादासाठी साधारण एक आठवडा आणि स्किझोफ्रेनियासाठी किमान एक महिना असावी लागतात. परीक्षेत नापास झालेला मुलगा चार दिवस रडला, तर तो आजार नव्हे, हे यावरून स्पष्ट होईल. हकीकतीबरोबरच डॉक्टर रोग्याचे निरीक्षणही करीत असतात. त्याचा पोशाख, बोलण्याची गती, विचारांची सुसंगती, नसलेले आवाज ऐकू येतात काय, कोणी आपल्यावर पाळत ठेवली आहे असा खोटा पण पक्का समज आहे काय, वार आणि स्थळ यांचे भान आहे काय, स्वतः आजारी असल्याची जाणीव आहे काय, हे सर्व ते मनात टिपून घेतात. जीव नकोसा झाला आहे काय, हाही प्रश्न ते सरळ विचारतात. असे विचारल्याने तो विचार रोग्याच्या डोक्यात शिरतो, ही समजूत निराधार आहे; उलट अनेकांना तो भार बोलून दाखविल्याने हलका वाटतो.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर निदान किती अवलंबून असते, याचा एक बोलका दाखला आहे. १९६० च्या दशकात असे दिसून आले की न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा पुष्कळच अधिक होते. मग दोन शहरांची माणसे वेगळी की डॉक्टर वेगळे? संशोधकांनी दोन्हीकडच्या रोग्यांना एकाच ठरावीक पद्धतीने, तेच प्रश्न विचारून तपासले, तेव्हा तो फरक बव्हंशी नाहीसा झाला. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनिया म्हणून गणलेल्यांपैकी अनेकजण वस्तुतः उन्मादाचे वा नैराश्याचे रोगी होते. लिथियमसारखे उन्मादावरील औषध प्रचारात येत असताना ही चूक केवळ शब्दांची राहिली नाही. नाव चुकले की औषध चुकत होते. पुढे निदानाचे नियम अधिक काटेकोर करण्यात आले, त्यामागे असे अनुभव होते.

निदानाची दुसरी पायरी म्हणजे मनाचे सोंग घेतलेला शरीराचा आजार ओळखणे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली तर माणूस सुस्त, विसराळू आणि उदास होतो. ती अतिवेगाने चालली तर तो अस्वस्थ, चिडका होतो आणि त्याची झोप उडते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी स्मरणशक्ती व मनःस्थिती बिघडू शकते. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी घेतलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्यांनी कधीकधी उन्माद होतो. वृद्ध माणूस एकाएकी, एक-दोन दिवसांत, बरळू लागला, रात्री कोणाला ओळखेनासा झाला, तर त्याला वेड लागले असे न समजता लघवीतील वा छातीतील संसर्ग, रक्तातील साखर वा क्षार यांचा शोध तातडीने घ्यावा लागतो. म्हणूनच मनाचा डॉक्टर रक्ताची तपासणी करावयास सांगतो. ती मनोविकार सिद्ध करण्यासाठी नसते, तर दुसरा आजार नाही ना हे पाहण्यासाठी असते.

याचे एक उदाहरण आपल्या दख्खनमधलेच आहे. पेलाग्रा या रोगात कातडी काळवंडते, जुलाब होतात आणि मन बिघडते. रोगी उदास होतो, भ्रमिष्ट होतो, कधी वेड्यांच्या रुग्णालयातही जाऊन पडतो. हैदराबाद येथील पोषण संस्थेतील डॉ. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले की, ज्यांचे मुख्य अन्न केवळ ज्वारीची भाकरी होते अशा गरीब लोकांत हा रोग आढळतो. नियासिन हे स्वस्त जीवनसत्त्व देताच असे रोगी सुधारत. जेथे भाकरीला डाळ-दुधाची जोड हवी होती, तेथे मनाची औषधे काय करणार?

आता औषधांकडे वळू. मनोविकारांवरील आधुनिक औषधांचा जन्म फार जुना नाही, आणि त्यांपैकी बहुतेक योगायोगाने सापडली. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रोग्यांवर लिथियम या साध्या क्षाराचा प्रयोग केला आणि त्यांना उतार पडल्याचे प्रसिद्ध केले. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिले. त्यापूर्वी ते शस्त्रक्रियेतील रोग्यांसाठी वापरून पाहण्यात आले होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड देताना ते अनपेक्षितपणे आनंदी झालेले आढळले, आणि १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी नैराश्यावर इमिप्रामिन गुणकारी असल्याचे जाहीर केले. आपल्या देशातही कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर व उन्मादावर होणारा परिणाम शास्त्रीय पद्धतीने मांडला होता; अधिक चांगली औषधे आल्यामुळे आता मनोविकारांसाठी ती सहसा वापरीत नाहीत. या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. औषधे आधी सापडली आणि ती का काम करतात याचा शोध मागाहून सुरू झाला, आणि तो अजून पुरा झालेला नाही. मेंदूत अमुक एक रसायन कमी पडले, ते मोजले आणि भरून काढले, इतके हे काम सोपे नाही.

मग औषध निवडतात कसे? प्रथम आजार पाहून औषधांचा वर्ग ठरतो. नैराश्य व दीर्घकालीन चिंता यांसाठी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे. स्किझोफ्रेनिया, भास व खोटे समज यांसाठी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी. द्विध्रुवी विकारासाठी लिथियम, व्हॅल्प्रोएट इत्यादी. वर्ग ठरला की त्यातील कोणते औषध, हा प्रश्न उरतो. एकाच वर्गातील बरीचशी औषधे गुणाला साधारण सारखीच असतात. त्यांचे त्रास मात्र निरनिराळे असतात. म्हणून निवड आजारापेक्षा माणूस पाहून होते. ओलान्झापिनने भूक, वजन व साखर वाढते, तेव्हा मधुमेही रोग्याला ते देताना डॉक्टर विचार करतात. हॅलोपेरिडॉलने अंग ताठरते व हात थरथरतात, तेव्हा सुतार वा शिंपी असलेल्या रोग्याला ते नकोसे होते. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा मोठा धोका असतो, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते शक्यतो देत नाहीत. पूर्वी कोणत्या औषधाचा गुण आला होता, जवळच्या नातलगाला त्याच आजारात कशाचा उपयोग झाला, मूत्रपिंड, यकृत, हृदय कसे आहे, इतर कोणती औषधे चालू आहेत, आणि दरमहा किती खर्च झेपेल, हेही पाहावे लागते. दोन औषधांचा योग्य मात्रेत, पुरेसा काळ उपयोग करूनही स्किझोफ्रेनिया हटला नाही, तर क्लोझापिन हे प्रभावी औषध देतात. पण त्याने काही जणांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून ठरावीक अंतराने रक्त तपासल्याशिवाय ते देता येत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला लिथियम सुरू झाले. या औषधाचे वैशिष्ट्य असे की गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणून शेवटची गोळी घेतल्यापासून बारा तासांनी रक्त घेऊन त्यातील लिथियम मोजतात. नित्याच्या उपचारात ते प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असावे लागते. आरंभी ही तपासणी वरचेवर होते, आणि मात्रा स्थिरावल्यावर काही महिन्यांच्या अंतराने. मूत्रपिंड व थायरॉईड यांवरही लक्ष ठेवावे लागते. जुलाब-उलट्यांनी वा कडक उन्हात अंगातील पाणी आटले, किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घेतली, तर रक्तातील लिथियम वाढू शकते. हात जोराने कापू लागले, चालताना झोक जाऊ लागले, उलट्या सुरू झाल्या, तर तत्काळ डॉक्टर गाठावे. इतकी पथ्ये असूनही हे औषध टिकून आहे, कारण ते पुढचे झटके रोखते, आणि या आजारातील आत्महत्यांचे प्रमाण त्याने घटते असे दीर्घ अनुभवाने दिसून आले आहे.

औषध सुरू झाल्यावर घरच्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, धीर. नैराश्याच्या औषधाचा गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो; मळमळ, अस्वस्थता असे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतात. त्यामुळे अनेकजण गुण येण्यापूर्वीच औषध टाकून देतात. तरुण रोग्यांवर तर पहिले काही आठवडे विशेष नजर ठेवावी. अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढील भेटीची वाट पाहू नये. दुसरी गोष्ट, बरे वाटले म्हणून औषध बंद करू नये. नैराश्याच्या पहिल्या आजारातही बरे झाल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. ‘सवय लागेल’ ही भीती सर्व औषधांना सारखीच लावली जाते, तेही बरोबर नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांची सवय खरोखर लागते, म्हणून त्या थोडे दिवसच घ्याव्यात. विपर्यास असा की आपण नेमक्या त्याच गोळ्या शेजाऱ्याकडून मागून घेतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाला भितो.

सर्वच दुःखाला गोळी लागते असेही नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग करण्यात आला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु नीट शिकविलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रोग्यांना सहा ते आठ बैठकांत रोजची कामे व आवडीच्या गोष्टी पुन्हा सुरू करण्यास साहाय्य केले. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांत अधिक रोगी सुधारले. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सौम्य आजारात अशी बोलण्याची उपाययोजना पुरेशी होऊ शकते. तीव्र आजारात ती औषधाच्या जोडीने चालते. प्रार्थनेचेही तसेच. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने नोव्हेना सुरू केली होती, आणि गोळ्या बंद कराव्यात काय असे तिने फादरना विचारले. ते म्हणाले, ‘बाई, नोव्हेना चालू ठेवा आणि गोळ्याही चालू ठेवा. देवाने डॉक्टर काही उगीच निर्माण केले नाहीत.’

आता उरतो लपवालपवीचा प्रश्न. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, आळीतील कुजबुज यांचे भय खरे आहे. ते नाही असे मी म्हणणार नाही. परंतु शेजाऱ्याला न सांगणे वेगळे आणि डॉक्टरांना न सांगणे वेगळे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क मान्य केला आहे. डॉक्टरांच्या खोलीत सांगितलेली गोष्ट लग्नाच्या बैठकीत जात नाही. तेथे न सांगितलेली गोष्ट मात्र अंगणात येऊन उभी राहते, हे आम्ही पाहिले.

उपचाराची सोय आपल्यापासून फार दूर नाही. गोव्यात बांबोळी येथे, बेळगावकरांना धारवाड येथे, ग्वाल्हेरीस मानसिक आरोग्यशाळेत, इंदुरात बाणगंगेस, बडोद्यात कारेलीबागेत आणि हैदराबादेत एर्रागड्डा येथे मनोविकारांची सरकारी रुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

जाण्यापूर्वी मात्र एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर लिहावे: त्रास कधी सुरू झाला, झोप, भूक, काम यांत काय बदलले, पूर्वी असे, किंवा याच्या उलट, कधी झाले होते काय, घराण्यात कोणाला असा आजार किंवा आत्महत्या, दारू, तंबाखू वा इतर व्यसन, चालू असलेली सर्व औषधे, काढे आणि गोळ्या, आणि पूर्वी कोणत्या औषधाने काय झाले. ज्याने रोग्याला सर्वांत जवळून पाहिले असेल त्याने बरोबर जावे आणि विचारले ते सांगावे.

माझा विद्यार्थी आज एका छापखान्यात हिशेब पाहतो, रोज रात्री गोळी घेतो आणि ठरल्या वेळी रक्त तपासून येतो. त्याच्या ताईचेही लग्न झाले. भाऊजींना सर्व ठाऊक आहे. गेल्या खेपेस रक्त तपासावयास त्याच्याबरोबर तेच गेले होते.